नाव नको, निब आणि पोट बघ

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

लॅमी कंपनीचं सफारी हे शाईचं पेन निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊ का, असं विचारलंस. आधी त्याच पेनाचे फोटो मागव, जाहिरातीतले नकोत. निब वरून, निब खालून, आणि बॅरल, म्हणजे मागची नळी, काढून आतली शाई भरायची सोय. विकणारा टाळाटाळ करू लागला तर विषय तिथेच सोड.

नाव कोरणं सोपं असतं, आतली रचना जशीच्या तशी करणं महागात पडतं. म्हणून नकली माल तिथेच उघडा पडतो. सफारीला लॅमीचं स्वतःचं टी10 कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी, लागतं. त्याच्या कन्व्हर्टरला, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणाऱ्या, पुन्हा भरता येणाऱ्या नळीला, दोन्ही बाजूंना एकेक बारीक उंचवटा असतो, तो पुढच्या भागातल्या खाचेत बसतो. इतर पेनांचं साधं, आखूड कार्ट्रिज आत घट्ट बसलं, तर ते सफारी नव्हे. मोंब्लांचं मायस्टरश्टुक 149 तर पिस्टनचं पेन. मागचं टोक फिरवलं की शाई थेट पोटात ओढली जाते. ‘149’ म्हणून विकलेल्या पेनात कन्व्हर्टर निघाला, तर पुढे काही तपासायलाच नको.

सोन्याची निब म्हणून दाखवतील, तेव्हा लोहचुंबक जवळ ने. ओढली गेली तर सोनं नाही. ओढली गेली नाही म्हणून मात्र लगेच खूश होऊ नकोस, काही जातींचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

पैसे बेताचे असतील तर स्वतःच्या नावाने विकलं जाणारं स्वस्त पेन घे. पायलट मेट्रोपोलिटन, पायलट काकुनो, प्लॅटिनम प्रेपी, अगदी चिनी जिनहाओसुद्धा. खोट्या लॅमीपेक्षा खरं जिनहाओ केव्हाही चांगलं, असं माझं ठाम मत आहे. मेट्रोपोलिटन आणि काकुनोच्या निबा एकमेकांत बसतात, त्यामुळे जाड-बारीक बदल करायला दुसरं पेन घ्यावं लागत नाही. जुनं पेन घेणार असशील तर आतली शाईची रबरी पिशवी बदललेली आहे का, ते विचार. जुनं रबर कडक होऊन तडकतं आणि शाई गळते.

पेन हातात आलं की लगेच शाई भरू नकोस, शाई लागलेलं पेन सहसा परत घेत नाहीत. भिंगातून निबचं टोक बघ. चीर टोकाच्या बरोबर मधोमध हवी, चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत हवीत. एक वर असेल तर कागद खरवडतो. टोकाला कठीण धातूचा इवलासा मणी दिसला पाहिजे. नुसतंच दुमडलेलं स्टील असेल तर आधी परत करता येतंय का ते बघ.

तुझी,
आई