प्रबंधाचा आराखडा ठरतानाच सांख्यिकीतज्ज्ञ हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश, जागा आणि शुल्क यांच्या बातम्या आपल्या अंकात वर्षभर येत असतात. परंतु एमडी किंवा एमएस होऊ पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला जो प्रबंध लिहावाच लागतो, त्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. राज्यातील शासकीय, महापालिकांच्या आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतून असे हजारो प्रबंध तयार होतात. त्यांसाठी रुग्णांचे रक्त घेतले जाते, त्यांच्याकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, कधी दोन औषधांची तुलना त्यांच्यावरच केली जाते. मी वैद्यकीय महाविद्यालयात सांख्यिकी शिकवून निवृत्त झाले आहे आणि माझे म्हणणे एवढेच आहे की, या साऱ्या कष्टांचा बराचसा भाग एका टाळता येण्याजोग्या कारणाने वाया जातो : सांख्यिकी जाणणाऱ्या माणसाला तिथे सर्वांत शेवटी बोलावले जाते.

प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो. ती मुदत जवळ आली की निवासी डॉक्टर रात्रपाळी उरकून, डोळे तारवटलेल्या अवस्थेत, पेनड्राइव्ह घेऊन आमच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात येत. एक्सेलची फाइल उघडली की वयाच्या रकान्यात कुठे नुसते ४५, कुठे '४५ वर्षे'. रक्तदाबाचे वरचे आणि खालचे आकडे एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून कोंबलेले. आणि जी तपासणी झालीच नाही तिच्या जागी कुठे आडवी रेघ, तर कुठे शून्य. हिमोग्लोबिनच्या रकान्यातली ही शून्ये तशीच राहिली, तर सरासरी इतकी खाली येते की अख्खा वॉर्ड रक्तक्षयाने ग्रासलेला ठरावा. विनंती मात्र ठरलेली असे : "मॅडम, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या." पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असली की फरक 'लक्षणीय' मानण्याची रीत आहे. कुणी संकोचत पुढे सांगे की, ती ०.०५ च्या खाली आली तर बरे, गाइड सरांची तशी इच्छा आहे.

रकाने नीट करता येतात, त्याला दोन दिवस लागतात, इतकेच. जे दुरुस्त होत नाही ते वेगळे असते. 'साठ डोळ्यांचा अभ्यास' म्हणून समोर आलेल्या कामात प्रत्यक्षात तीसच माणसे असतात. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखेच वागतात, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र रुग्ण धरून केलेली आकडेमोड खोटा आत्मविश्वास देते. तुलनेच्या गटातले रुग्ण सोमवारच्या ओपीडीतले आणि औषधाच्या गटातले वॉर्डात भरती झालेले असतील, तर दोन गटांतला फरक औषधाचा की आजाराच्या तीव्रतेचा, हे कोणतेही सूत्र नंतर सांगू शकत नाही. आणि एका तक्त्यात वीस तुलना करून त्यांतली एक 'लक्षणीय' निघाली म्हणून तिच्यावरच निष्कर्ष बेतला, तर हे विसरून चालणार नाही की, वीस स्वतंत्र तुलनांमध्ये खरा फरक कुठेच नसला तरी निदान एक तुलना केवळ योगायोगाने लक्षणीय ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

रुग्णांच्या संख्येचा प्रश्न तर मुळावरच येतो. समजा, प्रचलित औषधाने ७० टक्के रुग्ण बरे होतात आणि नव्या औषधाने ८० टक्के होतात. रोजच्या व्यवहारात हा मोठाच फायदा आहे. तो खरोखर असेल तर पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावा, एवढी माफक अपेक्षा ठेवली तरी प्रत्येक गटात सुमारे ३०० रुग्ण लागतात. प्रबंधात असतात तीस आणि तीस. अशा अभ्यासाचा शेवट 'दोन औषधांत लक्षणीय फरक आढळला नाही' या वाक्याने होतो आणि वाचणारा समजतो की दोन्ही औषधे सारखीच आहेत. प्रत्यक्षात त्या अभ्यासाला फरक दिसण्याची सोयच नव्हती.

यात दोष विद्यार्थ्यांचा आहे असे मी म्हणणार नाही. सलग ड्यूटी करणाऱ्या मुलाकडून हे सारे एकट्याने जमवण्याची अपेक्षा करणेच अन्याय्य आहे. १९३८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षपदावरून विख्यात ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी म्हटले होते की, प्रयोग संपल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाचा सल्ला घेणे म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणे. प्रयोग कशाने मेला एवढे तो फार तर सांगू शकेल. हे शब्द आपल्याच देशात उच्चारले गेले आणि इतक्या वर्षांनंतरही आपल्या महाविद्यालयांत रीत तीच आहे.

उलट, सुरुवातीपासून डॉक्टर आणि सांख्यिकीतज्ज्ञ एकत्र बसले की काय होते याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एकेका स्त्रीसाठी चिठ्ठी टाकण्याऐवजी गावांचे ५२ समूह करून समूहच्या समूह चार गटांत यादृच्छिक पद्धतीने वाटले गेले : एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे आणि चौथ्यात तेव्हा नेहमी मिळणारी आरोग्यसेवा. एका गावातल्या बायका एकमेकींशी बोलतात, एकाच आरोग्यसेविकेकडे जातात, त्यांचे राहणीमानही सारखे असते. त्यामुळे गावनिहाय वाटणीच व्यवहार्य ठरते, पण त्याच सारखेपणामुळे स्त्रियांची संख्याही वाढवावी लागते. हा हिशेब पहिली स्त्री तपासण्याच्या आधीच करावा लागतो.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही तपासणीच्या गटात १२७ जणींना कर्करोगाचे निदान झाले आणि तपासणी नसलेल्या गटात ११८ जणींना. पहिला गट थोडा मोठा होता, म्हणजे प्रमाण जवळपास सारखेच. जर 'किती कर्करोग सापडले' हाच निकष धरला असता, तर तपासणी निरुपयोगी आहे असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. परंतु दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यावर गेलेले कर्करोग एचपीव्ही तपासणीच्या गटात ३९ आणि तपासणी नसलेल्या गटात ८२ होते, आणि त्या आजाराने झालेले मृत्यू ३४ विरुद्ध ६४. रोग तितकाच सापडला, पण वेळेवर सापडला. पॅप आणि डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, हेही त्याच लेखात स्वच्छ नोंदवलेले आहे. काय मोजायचे हे आधी ठरलेले असले की नकोसे उत्तरही लपवता येत नाही.

या अभ्यासातील तपासणी नसलेल्या गटाबद्दल आणि स्त्रियांच्या संमतीबद्दल पुढे तीव्र टीका झाली. ते प्रश्न रास्त आहेत आणि त्या ६४ मृत्यूंकडे केवळ एक आकडा म्हणून पाहणे मला जमत नाही. पण हीच नैतिक कसोटी आपल्या छोट्या प्रबंधांनाही लावली पाहिजे. ज्या अभ्यासातून उत्तर निघणेच अशक्य आहे, त्यासाठी एखाद्या मजूर बाईला दंडातून जादा रक्त द्यायला लावणे कोणत्या नीतीत बसते? संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने (एथिक्स कमिटीने) संमतीपत्राची भाषा तपासावी, तशीच रुग्णसंख्येचीही तपासणी करावी.

आकडेमोड करणाऱ्याला रुग्ण काय कळणार, असे अनेक ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी ज्यांच्या आखणीमुळे आदर्श मानली जाते, ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते. तरुणपणी स्वतःलाच क्षय झाल्याने त्यांचे डॉक्टर होणे राहून गेले होते. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे बंद लिफाफ्यांतून ठरवण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले, आणि औषधाच्या गुणाबद्दल शंका उरली नाही. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे हे मूळचे सांख्यिकीतज्ज्ञच. एकाच माणसाची उष्मांकांची गरज आणि सेवन दिवसागणिक बदलत असते, तेव्हा सरासरीच्या खाली आढळलेल्या प्रत्येकाला कुपोषित मोजणे चूक आहे, असे त्यांनी मांडले. पुण्यातच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्या वादात कोण बरोबर होते यावर मतभेद असू देत; पण कुपोषण मोजायचे कसे हा मूळ प्रश्नच एका सांख्यिकीतज्ज्ञाने ढवळून काढला, केवळ तक्ते भरून दिले नाहीत.

प्रत्यक्षात बदल फार अवघड नाहीत. प्रबंधाचा आराखडा (सिनॉप्सिस) नैतिकता समितीकडे जाण्याआधी विद्यार्थी, गाइड आणि सांख्यिकीतज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रश्न, मोजमाप आणि रुग्णसंख्या ठरवावी व तिघांच्याही सह्या त्यावर असाव्यात. आज महाविद्यालयात सांख्यिकीचे जेमतेम एखादे पद असते आणि एमबीबीएसच्या तासांतून त्या व्यक्तीला उसंत मिळत नाही. ही पदे वाढवावी लागतील. भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच चाचणीची नोंद करावी लागते. प्रबंधातल्या साध्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे आराखडेही तसेच आधी जाहीर झाले, तर सोयीची तुलना नंतर निवडून काढण्याला आळा बसेल.

माझ्या मते याहून महत्त्वाची सूचना दुसरी आहे. प्रत्येकाचा विषय स्वतंत्रच हवा हा आग्रह सोडून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सामायिक प्रबंधांना वाव द्यावा. दहा महाविद्यालयांतील दहा विद्यार्थ्यांनी एकाच आराखड्यानुसार, एकच फॉर्म वापरून साठ-साठ रुग्ण नोंदवले तर सहाशे होतात, म्हणजे वर सांगितलेल्या तुलनेला पुरेसे. सर्पदंश, गरोदरपणातला रक्तक्षय, बालकांचा न्यूमोनिया हे विषय तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. प्रत्येक विद्यार्थी त्यातला आपला उपप्रश्न घेऊन स्वतंत्र लिखाण करू शकतो, म्हणजे परीक्षकांनाही मूल्यमापनात अडचण येणार नाही. या सूचनेवर गाइड म्हणून काम करणाऱ्या डॉक्टरांचे आणि विशेषतः सध्या प्रबंध लिहीत असलेल्या निवासी डॉक्टरांचे काय म्हणणे आहे, ते आपण या सदरातून मागवावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त सांख्यिकी अध्यापिका, सोलापूर