बोनेअरला एकटी निघते आहे

प्रिय मीरा,

तुझी गोड बातमी कळल्यापासून डोक्यात दोनच गोष्टी घोळताहेत: तू आणि बोनेअर. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर डायव्हिंगला जायचा किती दिवसांचा आपल्या दोघींचा बेत होता! फोनवर तू म्हणालीस, "माझ्यासाठी थांबू नकोस, जा तू." तेव्हा मी विषय बदलला. आता नीट विचार केला आहे आणि ठरवलं आहे की जायचं. पण सगळा बेत तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मला तिकीट काढवत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अगदी उथळ, एखादीच डायव्ह चालेल का, असं तू विचारलं होतंस. नको गं. पाण्यातून वर येताना आपल्या रक्तात नायट्रोजनचे बारीक बुडबुडे होऊ शकतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि विरतात. पोटातल्या बाळाचं रक्त बव्हंशी फुप्फुसांना वळसा घालून फिरतं, त्यामुळे बुडबुडे झालेच तर अडवायला तिथं काही नसतं. म्हणून गरोदरपणात डायव्हिंग करायचंच नाही, असं सगळे सांगतात. तू किनाऱ्याजवळ स्नॉर्कल घालून तरंगायचं म्हणत असशील, तर डॉक्टरांना विचारून खुशाल तरंग.

आता माझं. मी प्रवास एकटीनं करणार आहे, डायव्हिंग नाही. एकट्यानं डायव्ह करण्याचेही कोर्स आहेत. त्यांना 100 डायव्हची नोंद लागते, हवेचा दुसरा स्वतंत्र साठा बाळगावा लागतो. ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला ते नको. रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या रांगेवर, काही सुंदर दिसलं की शेजारी वळून बोट दाखवायला कुणीतरी हवं, हे माझ्यासाठी सुरक्षिततेइतकंच खरं आहे.

तू नसशील तर काय काय नसेल, याची मी मनात यादी केली. तू माझं सिलिंडर तपासतेस ते आठवलं. व्हॉल्व्हवर हात ठेवून पाहतेस, आणि मग मला रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या साधनातून, सलग तीन-चार श्वास घ्यायला लावतेस. तेवढा वेळ तुझे डोळे माझ्या प्रेशर गेजवर असतात. व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसेल तर श्वासागणिक काटा खाली झुकतो आणि पुन्हा वर येतो. नुसतं "200 बार आहे", म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब पुरेसा आहे, म्हणून समाधान मानणारी तू नाहीस. अनोळखी बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, इतकं करेलच असं नाही, म्हणून ते मी स्वतः करणार आणि समोरच्यालाही करायला सांगणार. जो "चल गं, काही होत नाही" म्हणेल त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचं नाही.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. "आज नको" हे तू म्हणतेस. कान दुखत असताना, रात्री झोप झालेली नसताना, लाटा वाढलेल्या असताना मी हो-ना करत राहते आणि तू एका वाक्यात विषय संपवतेस. तिथं इतक्या लांब गेल्यावर, इतके पैसे खर्च केल्यावर, माझं मन प्रत्येक वेळी "हो" म्हणेल हे मला ठाऊक आहे. म्हणून "नको" कधी म्हणायचं ते इथूनच लिहून नेते आहे. सर्दी असेल तर पाण्यात जायचं नाही. नाक मोकळं करायचं औषध घेऊनही नाही, कारण खोलवर त्याचा असर उतरला तर वर येताना कानातली हवा कोंडते. पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये कान मोकळे झाले नाहीत तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तरीही नाही झाले तर परत फिरायचं. बडी पटला नाही तर कारण न देता नकार द्यायचा. हा कागद लॉगबुकच्या पहिल्या पानावर चिकटवते आहे. त्याखाली तुझी सही हवी, तेव्हा फोटो काढून पाठव.

बोनेअरच का, हे तुला सांगायला नको, तरी एकटीच्या दृष्टीनं पुन्हा पाहिलं. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, म्हणून पश्चिमेचा किनारा आडोशाला राहतो आणि पाणी शांत असतं. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. रीफ किनाऱ्याला लागून आहे. रस्त्याकडेला पिवळे दगड ठेवलेले असतात, त्यावर डायव्हच्या जागेचं नाव रंगवलेलं असतं. गाडी थांबवायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. 1979 पासून बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित आहे. आल्याआल्या मरीन पार्कचे नियम समजून घ्यावे लागतात आणि एक चाचणी डायव्ह करावी लागते, त्याशिवाय पुढं जाता येत नाही. हातमोजे घालायला बंदी आहे, आणि ते मला मनापासून पटतं. हात उघडे असले की माणूस प्रवाळाला धरत नाही.

हे बेट मोकळीक देतं, आणि एकटीसाठी धोकाही तिथंच आहे, कारण किनाऱ्यावरून उतरताना कुणी विचारत नाही. म्हणून पहिले काही दिवस फक्त बोटीवरून, गाइडबरोबर. त्यात कुणी माझ्यासारखं सावकाश पोहणारं भेटलं तरच पुढं किनाऱ्यावरून. निघताना आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं आणि एक तृतीयांश हवा संपली, म्हणजे 200 पैकी साधारण 130 बार उरले, की वळायचं. मग परतीला पाणीच आणून सोडतं. सुरुवातीला पाण्याबरोबर वाहत गेलं की मजा वाटते, पण येताना दम लागतो आणि दमलेला माणूस दुप्पट हवा ओढतो.

हिल्मा हूकर पाहायचं आहेच. 1984 साली या मालवाहू जहाजावर गांजा सापडला, जहाज अडकवून ठेवलं गेलं, आणि गळती लागून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते बुडालं. आता ते साधारण 30 मीटरवर कुशीवर पडलं आहे. तिथं दाब चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा जाते, आणि साध्या हवेवर थांबायला जेमतेम 20 मिनिटं मिळतात. ती डायव्ह दिवसातली पहिली, गाइडबरोबर, नायट्रॉक्सवर, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेल्या हवेवर. जहाजाच्या आत शिरायचं नाही. बाहेरून पाहायला खूप आहे.

तारखा मात्र मी चंद्र पाहून ठरवल्या आहेत, आणि हे सांगताना माझा आनंद मावत नाहीये. तिथल्या रीफवर ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे कवचधारी जीव राहतात. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, सूर्यास्तानंतर तासाभरानं, त्यांचे नर माद्यांना भुलवायला पाण्यात निळ्या प्रकाशाचे ठिपके सोडत जातात. एकावर एक, ओळीनं. एक ओळ विझते न विझते तोच शेजारी दुसरी उमटते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, पण पुढं रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी संध्याकाळ आणि चंद्रोदय यांच्यामध्ये पुरता अंधार मिळतो, आणि ते जीव नेमका तोच अंधार साधतात. आपण टॉर्च विझवून, न हलता, तळापासून वर तरंगत राहायचं. याच्यासाठी मी दोन रात्री राखून ठेवल्या आहेत, एक ढगाळ निघाली किंवा माझे कान बसले तर दुसरी. दोन्ही गाइडबरोबर. टॉर्च लावला की मोठाले टार्पन मासे आपल्या प्रकाशात शिकार करायला येतात म्हणे, अगदी खांद्याजवळून. त्यांना मी थोडी घाबरते आहे, खरं सांगते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. 2023 मध्ये बोनेअरच्या प्रवाळांना ऊतक गळून पडण्याचा रोग लागल्याचं दिसलं. तो लवकर पसरतो आणि कित्येक शतकांचं प्रवाळ थोड्या महिन्यांत मरतं. म्हणून माझी साधनं मी इथून जंतुनाशकानं धुऊन नेणार आणि तिथंही धूत राहणार. रीफ रिन्यूअल फाउंडेशन बोनेअर ही संस्था प्रवाळाचे तुकडे पाण्यात टांगलेल्या झाडासारख्या सांगाड्यांवर वाढवून परत रीफवर लावते. त्यांच्याकडे शिकून एखादा दिवस हाताखाली काम करता येतं का, ते विचारणार आहे. नुसतं पाहून परत यायला मला जड जाईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. वैद्यकीय फॉर्म आताच भरला, कारण एका प्रश्नाला जरी "हो" असलं तरी डॉक्टरांच्या सहीशिवाय डायव्ह सेंटर पाण्यात सोडत नाही आणि तिथं धावपळ नको. विमा वेगळा, डायव्हिंगचा घेते आहे. साध्या प्रवास विम्यात रीकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे बुडबुड्यांचा त्रास झाल्यास दाबाखाली उपचार करायच्या खोलीचा, खर्च धरलेला असेलच असं नाही. मधे खंड पडल्यामुळे जायच्या आधी स्विमिंग पूलमध्ये उजळणी करणार: मास्क काढून घालणं, पाण्यात रेग्युलेटर शोधणं, तरंगता समतोल.

शेवटचा दिवस कोरडा. उंचीवर हवेचा दाब कमी होऊन तेच बुडबुडे होऊ शकतात, म्हणून लागोपाठ डायव्ह केल्यावर विमानाआधी किमान 18 तास जायला हवेत, मी पूर्ण दिवस धरला आहे. त्या दिवशी मिठागरांकडचे फ्लेमिंगो बघायचे आणि जमलं तर ब्रँडारिस टेकडी चढायची. ती बेटावरची सर्वांत उंच, तरी अडीचशे मीटरच्या आत आहे. 300 मीटरपासून पुढं डायव्हनंतरच्या उंचीचा विचार करावा लागतो, त्यामुळे तिथं अडचण नाही.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. रोज पाण्यात जाण्याआधी कुठं, कुणाबरोबर आणि कधी परत, हे तुला कळवेन आणि बाहेर आले की पुन्हा. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर डायव्ह सेंटरला फोन कर. नंबर विम्याच्या कागदासोबत पाठवते. वेळांचा फरक आहे, तेव्हा तुझी झोप मोडत असेल तर स्पष्ट सांग, मी ताईला सांगेन. दुसरं, तुझा छोटा टॉर्च दे. माझा जुना आहे आणि रात्रीला दोन लागतात.

उत्तर लिहिशील तेव्हा आधी तब्येतीचं लिही, उलट्या थांबल्या का, खातेस ना नीट. मग माझ्या बेतात काय खटकलं ते. तारखा अजून बदलता येतील, पण फक्त पुढच्या पौर्णिमेवर ढकलून.

तुझीच,
अदिती