सेकंदाला किती व्यवहार, एवढेच पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथेरियम आणि सोलाना या दोन ब्लॉकचेन जाळ्यांची (म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामाईक व्यवहारनोंदींची) तुलना बहुतेक लेखांत 'सेकंदाला किती व्यवहार' या एकाच आकड्यावर उरकली जाते. आपल्या अंकातील लेखही त्याला अपवाद नव्हता, म्हणून हे पत्र.

इथेरियमच्या मूळ साखळीचा वेग दोन आकडी संख्येतच राहतो आणि सोलानाचा हजारांत जातो, हे खरे आहे. परंतु सोलानात व्हॅलिडेटरांनी (व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्या संगणकांनी) ठोकळ्यांवर (ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यांवर) दिलेली मतेदेखील आजवर व्यवहार म्हणूनच साखळीत नोंदवली जात आली आहेत आणि एकूण संख्येत त्यांचा वाटा मोठा आहे. ती वजा केली तरी सोलाना बरीच पुढे राहते, हे मान्य करायलाच हवे; मात्र वजाबाकी न करता आकडा छापणे योग्य नाही.

हा वेग येतो कुठून, हे पाहिले की विकेंद्रीकरणाचा, म्हणजे जाळ्याचा ताबा किती जणांत वाटलेला आहे याचा, प्रश्न आपोआप समोर येतो. इथेरियममध्ये दर १२ सेकंदांनी एका ठोकळ्याची पाळी येते, सोलानात सुमारे ०.४ सेकंदाने. सोलानातील प्रत्येक व्यवहार आपण कोणत्या खात्यांना हात लावणार हे आधीच जाहीर करतो, त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले व्यवहार समांतर चालवता येतात. ही रचना खरोखरच कल्पक आहे. पण तो वेग पेलण्यासाठी व्हॅलिडेटरला २५६ जीबी किंवा त्याहून अधिक रॅमचे यंत्र लागते, शिवाय मते नोंदवण्याचे शुल्क रोज जवळपास एक सोल (सोलानाचे चलन) इतके होते. इथेरियमचा नोड (साखळीची प्रत ठेवून ती तपासणारे सॉफ्टवेअर) चांगल्या घरगुती संगणकावर चालतो, म्हणजे साखळीचा हिशेब स्वतः तपासून पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. (व्हॅलिडेटर व्हायचे तर किमान ३२ इथर (इथेरियमचे चलन) अडकवावे लागतात आणि ही रक्कम काही किरकोळ नव्हे, हेही सांगितले पाहिजे.)

व्हॅलिडेटरांची नुसती संख्या मोजण्यापेक्षा बिघाडाच्या वेळी काय घडते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सोलाना सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे १७ तास, फेब्रुवारी २०२३ मध्ये जवळपास १९ तास आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ५ तास ठप्प होती. प्रत्येक वेळी व्हॅलिडेटरांना आपसात ठरवून साखळी पुन्हा सुरू करावी लागली. त्या काळात बहुतेक सर्वजण एकाच मूळ सॉफ्टवेअरवर किंवा त्यापासून काढलेल्या आवृत्तीवर अवलंबून होते, म्हणजे यंत्रे अनेक पण दोष एकच. इथेरियममध्ये मे २०२३ मध्ये लागोपाठ दोन दिवस काही काळ ठोकळ्यांवर अंतिम शिक्कामोर्तब (ते आता बदलणार नाहीत याची खात्री) होऊ शकले नाही, तरी नवे ठोकळे तयार होतच राहिले, कारण काही व्हॅलिडेटरांची सॉफ्टवेअरे ताणाखाली कोलमडली तेव्हा वेगळ्या गटांनी लिहिलेली इतर सॉफ्टवेअरे टिकून होती. सोलानासाठी फायरडान्सर हे नव्याने लिहिलेले सॉफ्टवेअर महत्त्वाचे ठरते ते याचमुळे.

इथेरियमच्या समर्थकांचा हिशेबही निर्दोष नाही. मार्च २०२४ मधील डेनकुन सुधारणेनंतर आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांसारख्या दुसऱ्या थरावरील (मूळ साखळीच्या आधाराने चालणाऱ्या वेगळ्या) जाळ्यांचा खर्च बराच उतरला आणि वाढीव व्यवहारांचा भार तिकडे गेला. पण यांपैकी बहुतेकांमध्ये व्यवहारांचा क्रम ठरवणारा सिक्वेन्सर एकाच संस्थेच्या हाती आहे. तरीही तुलनेच्या तक्त्यात इथेरियमच्या रकान्यात वेग दुसऱ्या थराचा घेतला जातो आणि विकेंद्रीकरण मूळ साखळीचे. यापुढे असा तक्ता छापताना मूळ साखळी आणि दुसरा थर यांचे रकाने वेगळे ठेवावेत आणि सोलानाच्या रकान्यात मते वगळून उरलेला आकडा द्यावा, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक