माती तपासणाऱ्या काकांना, शाळेकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

शाळेने सत्काराचा विषय काढला तेव्हा तुम्ही हात जोडलेत. "शाली कपाटात मावत नाहीत आता सर. लिहायचंच असेल तर पोरांनी काय बघितलं ते लिहा, कुणाच्या तरी रानात उपयोगी पडेल." म्हणून हे जाहीर पत्र. आभार तुमचे आहेत, पण वाचावं मोहोळपासून माळशिरसपर्यंतच्या सगळ्या कालव्याखालच्या मंडळींनी.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक ठरलेला प्रयोग असतोच. दोन कुंड्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. मिठाचं रोप मरतं, तक्ता रंगवला जातो, परीक्षक मान हलवतात, पुढे जातात. आमच्या सातवीच्या पोरांचाही बेत तोच होता. तुम्ही माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस, ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आपल्या शिवारात कुणी पोत्याने मीठ टाकलंय का रे?" पोरं गप्प. मग तुम्हीच त्यांना कालव्याकडेच्या उसाच्या रानात घेऊन गेलात.

तिथे बांधाला लागून पांढरी खपली धरली होती. ती तुम्ही बोटाने उचलून एका पिशवीत भरायला लावलीत. थोडं पुढे, सखल बाजूला, काळपट चिकट पट्टा होता. पांढरं काही नाही, पण चालताना चप्पल उचलत नव्हती. ती माती दुसऱ्या पिशवीत. "दोन्हीला गाव खारी जमीनच म्हणतं. पण पहिली क्षारयुक्त, म्हणजे विरघळणारे क्षार साठलेली, आणि दुसरी चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली. आजार वेगळे, औषधं वेगळी." पुढे जे काही केलं, ते सगळं या दोन पिशव्यांमधून निघालं.

वाटाणाच का, हा प्रश्न बऱ्याच पालकांनी विचारला. आपल्याकडे ज्वारी, तूर, ऊस, वाटाणा पुरंदरकडचा. तुमचं उत्तर असं की वाटाणा क्षाराला नाजूक आहे, दुखणं लवकर दाखवतो, दाणा मोठा म्हणून उगवण बघता येते आणि मुळावरच्या गाठी पोरांच्या डोळ्यांना दिसतात. बियाणं मात्र किराणा दुकानातलं नको म्हणालात. अर्केल या वाणाची पिशवी आणली आणि रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करणारं जिवाणू खत, चोळलं, तेही वाटाणा-मसूर गटाचं. हरभऱ्याचा जिवाणू वाटाण्याला चालत नाही, हे मला विज्ञान शिकवूनही इतकं नेमकं माहीत नव्हतं.

तेलाचे पाच लिटरचे डबे कापून तळाला भोकं पाडली. एकात चांगली काळी माती, दुसऱ्यात तीच माती पण मिठाचं पाणी, तिसऱ्यात खपलीची माती, चौथ्यात चोपण. पाणी घालायच्या आधी तुम्ही तुमचा जुना ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र, काढलात आणि शाळेच्या बोअरचं पाणी मोजायला लावलंत. त्या आकड्याने मुलांचे चेहरे पडले. चांगल्या डब्यालाही आपण खारं पाणीच घालणार होतो की! मग साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं. मिठाच्या डब्यासाठी लिटरला एक ग्रॅम मीठ, म्हणजे मीटरवर साधारण 2 डेसिसायमन (खारटपणाचं माप, प्रति मीटर). मोजण्याआधी दरवेळी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात मीटर बुडवायचा आणि 25 अंशाला 1.41 दिसतंय का ते पाहायचं. पोरांना पाढे येत नसतील, पण 1.41 झोपेतही येतं.

मिठाच्या आणि खपलीच्या डब्यात उगवण उशिरा झाली, तीही मागेपुढे. मुळाभोवतीच्या पाण्यात क्षार जास्त असले की माती ओली दिसूनही बियाला आणि मुळाला ते पाणी ओढून घेता येत नाही. हे समजवायला तुम्ही माध्यान्ह भोजनातल्या काकडीवर मीठ भुरभुरलंत आणि सुटलेलं पाणी दाखवलंत. रोपं आली ती खुरटी, पेरं जवळजवळ, पानं लहान आणि जरा जास्तच गडद निळसर हिरवी. "खुरटं असून काळंभोर दिसतंय, म्हणजे तब्येत चांगली असं समजू नका," ही तुमची सूचना. नंतर खालच्या, म्हणजे जुन्या पानांच्या कडा करपल्या. पान पाणी हवेत सोडतं, पण पाण्याबरोबर आलेलं सोडियम आणि क्लोराइड मागे साठत जातं, म्हणून सगळ्यात जास्त दिवस राबलेलं पान आधी जळतं.

चोपणच्या डब्याची गोष्टच निराळी. तिथे पाणी वरच तळं करून उभं. वाळल्यावर कवच. एका मुलीने ते सुरीने उचकटलं तर खाली वाटाण्याचा कोंब आकड्यासारखा वाकून कवचाला अडकलेला, वर यायला जागाच नाही. बी मेलं नव्हतं. मिठाने नाही, मातीच्या घट्टपणाने अडलं होतं. मग तुम्ही काचेच्या दोन पेल्यांत पावसाचं पाणी घेऊन दोन्हीकडची ढेकळं अलगद सोडलीत, ढवळू दिलं नाहीत. चांगल्या मातीचं ढेकूळ सुटं झालं पण पाणी नितळ राहिलं. चोपणच्या पेल्यात दुधासारखा ढग पसरत गेला. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, मातीची भोकं बुजवतात, मग ना पाणी मुरतं ना हवा जाते. हा पेल्याचा प्रयोग कुठल्याही शेतकऱ्याला घरी करता येईल, फुकट.

फुलकळी दिसू लागली तेव्हा तुम्ही रोपं उपटू दिली नाहीत. डबा बादलीत बुडवून माती सोडवायला लावलीत. चांगल्या मातीच्या मुळांवर बारीक गाठींचे घोस होते. ब्लेडने एक गाठ कापली, आत गुलाबी. हे लेगहिमोग्लोबिन, नत्र बांधायचं काम चालू असल्याची खूण. खपलीच्या डब्यात गाठी थोड्या, बारक्या, आणि कापल्यावर बऱ्याचशा आतून पांढुरक्या. जिवाणू तसा वाटाण्यापेक्षा जास्त खारटपणा सोसतो, पण मुळाच्या केसाला धरून आत शिरायचा टप्पाच क्षारात बिघडतो, असं तुम्ही सांगितलंत. एकाने लगेच विचारलं, "मग युरिया टाकला तर?" तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. खत हेसुद्धा क्षारच. पिवळं दिसलं की युरिया ओतायचा, त्याने आधीच खारट असलेल्या पाण्यात भर पडते. आमच्या गावात हे दर हंगामाला होतं, आणि दुकानदार सोडून कुणाचाच फायदा होत नाही, हे माझं मत. तुम्ही इतकं स्पष्ट बोलत नाही.

पालकांच्या बैठकीत तुम्ही सांगितलेली एक गोष्ट अजून पारावर चालू आहे. 1977 साली मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिकांच्या क्षार सोसण्याच्या मर्यादा एकत्र केल्या. त्यात उसाचं उत्पन्न 1.7 डेसिसायमन ओलांडलं की घसरू लागतं, आणि नंतरच्या सुधारित तक्त्यांत ज्वारी 6.8 पर्यंत टिकते. 1980 मध्ये उजनी धरण झालं, पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस गेला. भारी काळी माती, निचरा कमी, पाट भरून पाणी. खालचं पाणी वर आलं आणि उन्हाने क्षार पृष्ठभागावर आणून ठेवले. आपला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस ते धुऊन काढायला पुरत नाही. म्हणजे क्षार वाढवणारं पीकच क्षाराला जास्त नाजूक. बैठकीतले उसवाले हसले, पण जरा कसनुसं.

तेव्हाच तुम्ही अहवाल वाचायचाही शिकवलात. हे 1.7 आणि 6.8 संतृप्त अर्काचे, म्हणजे माती पुरती भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या अर्काचे आकडे आहेत. आपल्या कागदावरचा ईसी बहुतेकदा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून काढलेला असतो, त्यामुळे तो कमी दिसतो. दोन्हींची सरळ तुलना करून "आपलं ठीक आहे" म्हणणारे बैठकीतच सापडले. जिप्समबद्दलही तसंच. चोपणला जिप्समचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, म्हणून उपयोग. नुसत्या क्षारयुक्त रानात मात्र आधी चर काढून निचरा, मग चांगल्या पाण्याने धुणं, धैंचा हे हिरवळीचं पीक गाडणं. आपल्या चुनखडी रानात गंधकही चालतं, पण सगळं तपासून. आणि सरीवर काही नाजूक लावायचंच असेल तर वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेला; क्षार माथ्यावर चढून बसतात.

हे तुम्ही एका पैशाशिवाय केलंत, येण्याजाण्याचं एसटी भाडंसुद्धा घेतलं नाहीत. प्रदर्शनात आमचा क्रमांक आला नाही. तक्ता फार गिचमिड आहे असा शेरा मिळाला. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. दोघांनी आपापल्या वडिलांना मातीचा नमुना द्यायला लावला, पांढऱ्या पट्ट्याचा वेगळा आणि बाकी रानाचा वेगळा, बांधाजवळची आणि उकिरड्याखालची माती टाळून, तुम्ही सांगितलं तस्साच.

येत्या रब्बीत तेच डबे, पण वाटाण्याच्या शेजारी मालदांडी ज्वारी लावायची ठरली आहे. मीटर कपाटात जपून ठेवलाय. फक्त पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण संपत आलंय, तेवढं येताना घेऊन या. एसटीचं भाडं या वेळी शाळा देणार, त्यावर वाद नको.

आपला नम्र,
विज्ञान शिक्षक व सातवीचा वर्ग
जिल्हा परिषद शाळा, ता. मोहोळ, जि. सोलापूर