सोयाबीनचे पैसे क्लाससाठी पाठवू नका

आई, बाबा,

नमस्कार. बाबा तुम्ही परवा फोनवर म्हणलात की सोयाबीन विकलं की पुण्याच्या क्लासची फी भरू, तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, अभ्यासिकेत आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले वाचत बसलेले असतात. म्हणून लिहायलेय. ते पैसे पाठवू नका. मला इथं संभाजीनगरातच प्रोग्रामिंग शिकायला मिळायलंय, आणि काय शिकायलेय ते तुम्हाला कळावं असं लई वाटतं.

सध्या बिटवाइज ऑपरेटर चालूयत. कॉम्प्युटर आत सगळे आकडे ० आणि १ मध्येच ठेवतो, ५ म्हणजे ०१०१, ९ म्हणजे १००१, आणि हे ऑपरेटर त्या एकेका ० नि १ वर काम करतात. अँड म्हणलं की दोन्हीकडं १ असेल तरच १, ऑरला एकीकडं असला तरी चालतं. मला सगळ्यात आवडला एक्सॉर. दोन्ही सारखे असले की ०, वेगळे असले की १. बाबा, हे तुम्हाला माझ्या आधीपासून येतंय. आपल्या जिन्याचा बल्ब तुम्हीच जोडलाय ना, खाली एक बटन अन् वर एक, कुठलंही दाबा, चालू असला तर बंद होतो आणि बंद असला तर चालू. तेच एक्सॉर.

आता गणित बघा. लाखभर आकडे आहेत, प्रत्येक आकडा दोनदा आलाय, एकच एकटा आहे, तो शोधायचा आणि वेगळी यादी करायची नाही. मी अडले तेव्हा इथं एकत्र शिकणाऱ्या आमच्या ग्रुपातल्या नांदेडच्या ताईनं उत्तर सांगितलं नाही, म्हणली तीनच आकडे घे, ५, ९, ५, आणि कागदावर एक्सॉर करत जा. ५ आणि ९ चं आलं ११००, त्याला परत ५ लावला तर १००१, म्हणजे ९! जोडीतले दोघं एकमेकांना पुसतात, मग ते कितीही लांब लांब असू द्या, शेवटी एकटा तेवढा उरतो. त्या रात्री मला झोपच लागेना आनंदानं.

हिंगोलीचा एक पोरगा आकड्यात किती १ आहेत ते मोजायला अडला होता, त्याला मी सांगितलं. आकड्यातून एक वजा करायचा आणि दोघांचं अँड करायचं, सगळ्यात उजवीकडचा १ जातो. १२ म्हणजे ११००, ११ म्हणजे १०११, अँड केलं की १०००. शून्य होईपर्यंत जितक्यांदा करावं लागलं तितके १. ब्रायन कर्निघन या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाच्या नावानं ही युक्ती ओळखतात. त्याला समजावताना मलाच ती जास्त पक्की झाली.

इथं कुणी कुणाकडून पैसे घेत नाही बाबा. चहा पीत गच्चीवर बसतो, ज्याला येतं तो दुसऱ्याला धरून शिकवतो, आणि उत्तर आयतं देत नाहीत म्हणून डोकं चालतं. मला हेच पाहिजे होतं.

आणखी एक, तीन ठिकाणांहून एकच बल्ब चालवायचा तर मधल्या जागी चार टोकांचं वेगळं बटन लागतं ना? त्याची आकृती काढून फोटो पाठवा, पोरांना दाखवायचीय.

सोयाबीनचे पैसे आईच्या मोतीबिंदूला ठेवा. आई, पुढं ढकलू नकोस आता. तारीख मिळाली की कळवा, मी आदल्या दिवशीच येते.

तुमची
ताई