दाव्याची गाठ

आदरणीय बाई,

तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आबांना मी दोष दिला तो चव्हाट्यावर. मग तुमचे आभार तरी दाराआड कशाला मानू?

2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पण 2005 चं पाणी आमच्या उंबऱ्याशी थांबलं होतं, त्या खुणेवर विसंबून आम्ही गाफील राहिलो. आजारी सासूबाईंना घेऊन होडीत बसताना शेजारच्या आबांना सांगितलं, म्हशींची दावी तेवढी सोडा. म्हैस मोकळी असली तर पोहून निघते. आठवड्यानं परतलो तेव्हा तिघीही खुंट्यालाच होत्या.

"आबांनी मारल्या," हे मी गल्लीभर सांगितलं. त्यात पंचनाम्याच्या याद्या आल्या, कुणाचं नाव बसलं, कुणाचं गळलं, आणि गल्ली दुभंगली. त्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवालाही कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नाही.

तुमच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ होता. तरी दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही सतरंजी अंथरायचात. एकमेकांना माफ करा, असं एकदाही म्हणाला नाहीत. अट एकच : डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकलेलं नको. पहिल्या दिवशी निम्मी माणसं गप्पच बसली. मीही. मी गोठ्यात होतेच कुठं?

आबा पाचव्या गुरुवारी बोलले. छातीभर पाण्यातून ते गोठ्यात शिरले होते. अंबाडीचं दावं भिजलं की गाठ आवळते. नखं उलटली तरी ती सुटेना, विळा जवळ नव्हता, होडीवाले ओरडत होते. त्या दुहेरी गाठी मी मारल्या होत्या, बाई. पाण्याच्या आवाजानं बिथरतील म्हणून.

तुम्ही कुणाला काही बोलू दिलं नाहीत. नुसत्या माझ्याशेजारी येऊन बसलात. दुसऱ्या दिवशी आबांच्या दारात जाऊन मी म्हटलं, "चुकलं माझं." आबा काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र हाताला धरून आत नेलं.

सगळं मिटलं असं नाही. वरच्या आळीतल्या वहिनी अजून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांचं दुःख आमच्याहून फार मोठं आहे. त्यांना तुम्ही कधी "विसर आता" म्हटलं नाहीत. दर गुरुवारी सतरंजीवर त्यांची जागा तेवढी मोकळी ठेवलीत. माझ्यासाठी केलंत त्याहूनही मला याचं मोल जास्त वाटतं.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. तेव्हा आमच्या दारात पहिली हाक आबांची आली. हातात विळा होता. तो आता आमच्याच गोठ्याच्या मेढीला खोचलेला असतो.

तुमची,
खालच्या गल्लीतली