बाबांच्या दरखास्तीच्या प्रश्नाला उत्तर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर विचारलंत, ‘तिकडे एका देशातल्या कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीला, चालतो कसा?’ तेव्हा घाईत होते, आता सांगते.

युरोपीय संघातला मूळ नियम सरळ आहे. दावा ज्याच्यावर, कोर्ट त्याच्या देशातलं. मजा आहे ती अपवादांत. आमच्या नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमजवळच्या एका रोपवाटिकेचं प्रकरण तुम्हाला आवडेल. फ्रान्समधल्या अल्सासच्या पोटॅश खाणी ऱ्हाइन नदीत क्षार सोडायच्या आणि तेच पाणी इथल्या रोपांना जायचं. मग दाद मागायला फ्रान्सलाच जायचं का? 1976 मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं, क्षार सोडले तिथलं कोर्ट की नुकसान झालं तिथलं, हे वादीने ठरवावं. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला एवढा मान क्वचितच मिळतो!

आता दरखास्त. पूर्वी दुसऱ्या देशातल्या कोर्टाची आधी परवानगी काढावी लागे. 10 जानेवारी 2015 पासून दाखल झालेल्या दाव्यांना ती पायरी नाही. निकालाची प्रत आणि मूळ कोर्टाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन थेट तिथल्या बेलिफाकडे जायचं. निकाल एकतर्फी असेल आणि समन्स वेळेत बजावलंच नसेल, तर प्रतिवादी हरकत घेऊ शकतो. जप्ती मात्र त्या त्या देशाच्या कायद्याने. पगारातलं किती धरायचं, घरातलं काय सोडायचं, सगळं तिथलंच. त्यामुळे वसुलीची कटकट इथेही संपलेली नाही. तुमच्या नाझर खात्यातली, म्हणजे कोर्टाचं जप्ती-वसुलीचं काम बघणारी मंडळी इथे सहज रुळतील.

ब्रिटन यातून बाहेर पडलं. लंडनच्या हायकोर्टाचा हुकूमनामा आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात चालतो, पण 2021 पासून पॅरिसला इतका सरळ जाईना! 1 जुलै 2025 पासून परदेशी निकाल मान्य करण्याबद्दलच्या हेग कराराने ती वाट थोडी मोकळी झाली. ज्यांचे निकाल असे थेट चालतात त्या देशांच्या आपल्या 44-अ च्या यादीत नेदरलँड्स नाही, म्हणून डच निकाल घेऊन आलं तर तिकडे त्यावर नव्याने दावाच लावावा लागेल.

आई, बर्लिनच्या घरमालकाने माझं डिपॉझिट अजून दिलेलं नाही. घर आणि मालक दोन्ही जर्मनीत, म्हणून कोर्टही तिथलंच. पण 5000 युरोपर्यंतच्या दाव्याला छापील फॉर्म आहे, वकील लागत नाही. फॉर्म जर्मनमध्ये भरायचाय, शनिवारी बसते.

तुमची,
मुक्ता